लेबल-स्विचिंग आणि व्यावसायिक संस्थांची आभासी खासगी जाळी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

एखाद्या बँकेच्या शंभर शाखा राज्यभर विखुरलेल्या असतात. नागपूरच्या शाखेत ग्राहकाने रक्कम भरली की मुंबईच्या मुख्य कार्यालयातील संगणकात तिची नोंद तत्क्षणी व्हावी लागते. ही नोंद ज्या मार्गाने जाते तो मार्ग बँकेच्या मालकीचा नसतो. प्रकाशतंतू, राउटर आणि त्यांची देखभाल करणारे अभियंते हे सर्व दूरसंचार कंपनीचे असतात. त्याच तंतूंतून त्याच वेळी दुसऱ्या बँकेची, एखाद्या औषध कारखान्याची किंवा विमा कंपनीची माहितीही वाहत असते. तरीही बँक त्या व्यवस्थेला 'आमचे जाळे' असे म्हणते, आणि एका मर्यादित अर्थाने ते खरेही असते. दोन संस्थांची माहिती एकाच तारेतून जात असूनही एकमेकींत मिसळत नाही, ही किमया ज्या तंत्राने सर्वाधिक प्रमाणात साधली, ते मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग अर्थात एमपीएलएस आणि त्यावर उभारलेली आभासी खासगी जाळी, म्हणजेच व्हीपीएन, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या तंत्राची माहिती संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहसा तयार स्वरूपात मिळते. ते कोणत्या गरजेतून निर्माण झाले आणि कोणत्या गरजेमुळे टिकले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. या दोन प्रश्नांची उत्तरे भिन्न आहेत. लेबल-स्विचिंगचा जन्म वेगासाठी झाला. त्याचे प्रमाणीकरण पूर्ण होण्यापूर्वीच वेगाचे ते कारण बहुतांशी संपुष्टात आले होते. पुढे ते टिकले ते ग्राहकाला ग्राहकापासून अलग ठेवण्याच्या कामगिरीवर. ही कामगिरी मूळ संकल्पनेत दुय्यमही नव्हती. या स्थित्यंतराचा परिणाम असा की 'खासगी' या शब्दाचा या क्षेत्रातील अर्थ सामान्य अर्थाहून वेगळा झाला आणि तो बराच काळ ग्राहकांच्या ध्यानात आला नाही.

भाड्याच्या तारा आणि आभासी परिपथ

खासगी जाळ्याचे सर्वांत जुने रूप म्हणजे लीज्ड लाइन. दोन कार्यालयांमधील तार दूरध्वनी खात्याकडून मासिक भाड्याने घ्यायची आणि त्या तारेतून दुसऱ्या कोणाचेही संदेश जाणार नाहीत याची हमी मिळवायची, असा हा व्यवहार होता. वापर असो वा नसो, भाडे चुकत नसे. कार्यालये दोनच असताना ही व्यवस्था सोयीची होती. संख्या वाढली की तिचे गणित बिघडे. प्रत्येक कार्यालय प्रत्येकाशी थेट जोडायचे झाल्यास दहा कार्यालयांसाठी ४५, पन्नास कार्यालयांसाठी १,२२५ आणि शंभर कार्यालयांसाठी ४,९५० तारा लागतात. साहजिकच बहुतेक संस्था सर्व शाखा मुख्य कार्यालयाशी जोडत, आणि दोन शेजारच्या शाखांमधील संदेशही मुख्य कार्यालयाला वळसा घालून जात असे.

तार सामायिक, पण मार्ग प्रत्येकाचा स्वतंत्र, या कल्पनेला 'आभासी परिपथ' असे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सीसीआयटीटी या सल्लागार समितीने १९७६ मध्ये मान्य केलेले एक्स.२५ हे प्रमाण याच कल्पनेवर आधारलेले होते. पॅकेटवर गंतव्य स्थानाचा पूर्ण पत्ता न लिहिता केवळ एक लहान क्रमांक लिहायचा, आणि वाटेतील प्रत्येक यंत्राने आपल्या तक्त्यात तो पाहून पॅकेट पुढे ढकलायचे, अशी ही पद्धती. फ्रान्समधील ट्रान्सपॅक हे जाळे १९७८ मध्ये याच प्रमाणावर सुरू झाले. त्याच देशात लुई पुझाँ यांनी सिक्लाद या प्रायोगिक जाळ्यात नेमकी उलट भूमिका घेतली होती. त्यांच्या मते जाळ्याने मार्ग लक्षात ठेवू नयेत. प्रत्येक पॅकेटने स्वतःचा पत्ता सोबत न्यावा आणि स्वतंत्रपणे प्रवास करावा. फ्रेंच शासनाने ट्रान्सपॅकला बळ दिले आणि सिक्लादचा निधी आटला. मात्र पुझाँ यांचा विचार अमेरिकेत इंटरनेटच्या आयपी या नियमावलीत रुजला. दूरध्वनी कंपन्यांचा परिपथ आणि संगणकतज्ज्ञांचे स्वतंत्र पॅकेट यांतील हा वाद पुढे वीस वर्षे चालला. एमपीएलएसकडे या वादातील तह म्हणून पाहणे सयुक्तिक ठरेल.

एक्स.२५ च्या काळात तारा सदोष असत, म्हणून प्रत्येक टप्प्यावर चुका तपासल्या जात. प्रकाशतंतू आल्यावर ही तपासणी अनावश्यक ठरली. ती वगळून तयार झालेले फ्रेम रिले १९९० च्या दशकात अमेरिकेतील व्यावसायिक संस्थांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. त्यापाठोपाठ एटीएम आले. (बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राशी या नावाचा काही संबंध नाही.) त्यात सर्व माहिती ५३ बाइटांच्या समान तुकड्यांत विभागली जाई. त्यांतील ४८ बाइट माहितीचे आणि ५ शीर्षकाचे. ४८ हा आकडा अमेरिकेने मागितलेले ६४ आणि युरोपने मागितलेले ३२ यांची सरासरी होय. अभियांत्रिकीतील प्रमाणे केवळ गुणवत्तेवर ठरत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

फ्रेम रिले व एटीएम यांमुळे तारांचे भाडे कमी झाले, परंतु गणित तेच राहिले. आता तारांऐवजी आभासी परिपथ मोजावे लागत आणि प्रत्येक परिपथाचे शुल्क द्यावे लागे. शिवाय मार्ग ठरविण्याचे सर्व काम ग्राहकाच्या राउटरांवर आणि ते चालविणाऱ्या ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांवर पडे. दूरसंचार कंपनीला त्या परिपथातून काय चालले आहे याची गंधवार्ताही नसे. शंभर शाखांच्या पूर्ण जोडणीत एकशे एकावी शाखा उघडायची तर शंभर नवे परिपथ मागवावे लागत आणि शंभर ठिकाणच्या राउटरांत बदल करावे लागत.

वेगाचा प्रश्न आणि लेबलाचा जन्म

इंटरनेटच्या राउटरला प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून आपल्या तक्त्यातील सर्वांत लांब जुळणारा पत्त्याचा भाग शोधावा लागतो. १९९३ मध्ये पत्त्यांचे वर्गरहित वाटप सुरू झाल्यानंतर हा शोध अधिक किचकट झाला. त्याच सुमारास इंटरनेटची वाढ झपाट्याने होऊ लागली. एटीएम यंत्राला मात्र केवळ एक लहान क्रमांक पाहायचा असे. तो तक्त्यातील ओळीचा क्रमांकच असल्याने शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आयपीची लवचिकता आणि एटीएमचा वेग यांची सांगड घालावी, हा विचार त्यामुळे अनेकांना जवळजवळ एकाच वेळी सुचला.

टपालव्यवस्थेच्या दृष्टांताने हे स्पष्ट करता येईल. रेल्वे मेल सर्व्हिसच्या गाडीत प्रत्येक पत्रावरील पत्ता प्रत्येक स्थानकावर वाचला जात नाही. एकाच दिशेची पत्रे मोहोरबंद थैलीत भरली जातात आणि वाटेतील कर्मचारी केवळ थैलीवरील लेबल पाहतात. पत्र वाचले जाते ते पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणी. लेबल-स्विचिंगचे सूत्र हेच आहे. फरक इतकाच की येथे थैलीवरील लेबल प्रत्येक स्थानकावर बदलते. प्रत्येक राउटर आपल्या सोयीचा क्रमांक अगोदरच शेजाऱ्यास कळवून ठेवतो आणि शेजारी पॅकेटवर तोच क्रमांक लिहून पाठवितो. त्यामुळे साऱ्या जगात एकमेव असे क्रमांक वाटण्याची गरज राहत नाही.

१९९५ मध्ये गिरीश चंद्रन्मेनन आणि जॉर्ज वर्गीस यांनी सिगकॉम परिषदेत मांडलेल्या निबंधात पॅकेटच्या शीर्षकात एक सूचक क्रमांक जोडून पत्ता-शोधाचे श्रम वाचविण्याची पद्धती सुचविली होती. वर्गीस हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. तोशिबा कंपनीच्या संशोधकांनी 'सेल स्विच राउटर'ची कल्पना मांडली. कॅलिफोर्नियातील इप्सिलॉन या लहानशा कंपनीने १९९६ मध्ये 'आयपी स्विचिंग' बाजारात आणून खळबळ उडवून दिली. दोन संगणकांमधील संभाषण दीर्घ काळ चालणार असे दिसताच त्याच्यासाठी एटीएमचा थेट मार्ग उघडायचा, अशी तिची रीत होती. त्याच वर्षी सिस्को कंपनीने 'टॅग स्विचिंग' जाहीर केले. आयबीएमचाही 'एरिस' नावाचा प्रस्ताव होता.

इप्सिलॉन आणि सिस्को यांच्या पद्धतींतील भेद महत्त्वाचा आहे. इप्सिलॉनचा मार्ग संभाषण सुरू झाल्यावर तयार होई, त्यामुळे संभाषणे वाढली की मार्गांची संख्याही आवाक्याबाहेर जाण्याचा धोका असे. सिस्कोच्या पद्धतीत मार्ग तक्त्यावरून अगोदरच तयार असत. कोणी बोलो वा न बोलो, गंतव्य स्थान तेथे आहे म्हणून त्याचे लेबलही तयार. हीच दुसरी पद्धती टिकली. १९९७ च्या अखेरीस नोकियाने इप्सिलॉन विकत घेतली आणि ते नाव इतिहासजमा झाले.

इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, अर्थात आयईटीएफ, या संस्थेने १९९७ मध्ये यासाठी कार्यगट स्थापन केला. 'टॅग' हा शब्द एका कंपनीचा होता, म्हणून तटस्थ असा 'लेबल' हा शब्द निवडण्यात आला. एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन यांनी लिहिलेला मूळ आराखडा जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०३१ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या जोडीच्या आरएफसी ३०३२ ने लेबलाचे स्वरूप निश्चित केले : एकूण ३२ बिट, त्यांपैकी २० क्रमांकासाठी, ३ प्राधान्यासाठी, १ 'हे शेवटचे लेबल आहे' एवढे सांगण्यासाठी आणि ८ आयुर्मर्यादेसाठी. वीस बिटांत दहा लाखांहून किंचित अधिक क्रमांक मावतात.

या चार वर्षांत मूळ प्रश्नच निकालात निघाला होता. १९९७ च्या सिगकॉम परिषदेत पत्ता-शोधाच्या वेगवान पद्धती मांडणारे निबंध सादर झाले. त्यांपैकी एकाच्या लेखकांत वर्गीसही होते. १९९८ मध्ये ज्युनिपर कंपनीच्या एम४० या राउटरने खास घडविलेल्या चिपच्या साहाय्याने पूर्ण पत्ता पाहूनही तारेच्या वेगाने पॅकेटे पुढे ढकलता येतात हे बाजारात सिद्ध केले. वेगासाठी लेबल हवे, हा युक्तिवाद यानंतर टिकण्यासारखा नव्हता. अशा वेळी एखादे तंत्र विस्मृतीत जाते. एमपीएलएस गेले नाही. वाहतुकीची आखणी हे त्याचे एक कारण होते, कारण गजबजलेला मार्ग टाळून पॅकेटे आडवाटेने नेणे लेबलामुळे सोपे होते. परंतु दूरसंचार कंपन्यांच्या तिजोरीत भर घालणारे कारण वेगळेच होते.

आरएफसी २५४७ आणि कार्यपद्धती

मार्च १९९९ मध्ये एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्तर यांनी 'बीजीपी/एमपीएलएस व्हीपीएन' या शीर्षकाचा आरएफसी २५४७ प्रसिद्ध केला. तो मूळ आराखड्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी आला आणि त्याचा दर्जा केवळ माहितीपर होता. रेख्तर हे बीजीपी या नियमावलीच्या दोन जनकांपैकी एक. १९८९ मध्ये कर्क लॉहीड यांच्यासह त्यांनी तिची रूपरेषा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर उतरविल्याची हकिकत या क्षेत्रात सुपरिचित आहे. इंटरनेटमधील स्वतंत्र जाळ्यांना एकमेकांचे मार्ग कळविणारी ही नियमावली आता एकाच कंपनीच्या पोटात ग्राहकांचे मार्ग वाहण्यासाठी वापरायची, हे आरएफसी २५४७ चे मर्म होते.

या व्यवस्थेत तीन प्रकारचे राउटर असतात. ग्राहकाच्या आवारातील राउटर, दूरसंचार कंपनीच्या सीमेवरील राउटर आणि कंपनीच्या अंतर्भागातील राउटर. ग्राहकाच्या राउटरला लेबलाविषयी काहीही ठाऊक नसते. तो नेहमीची आयपी पॅकेटे सीमेवरील राउटरकडे देतो. सर्व शहाणपण या सीमेवरील राउटरमध्ये असते. तो प्रत्येक ग्राहकासाठी मार्गांचा स्वतंत्र तक्ता ठेवतो. पॅकेट कोणत्या तारेतून आत आले यावरून कोणता तक्ता उघडायचा हे ठरते. एका ग्राहकाच्या पॅकेटसाठी दुसऱ्या ग्राहकाचा तक्ता कधीच उघडला जात नाही, आणि जो मार्ग तक्त्यात नाही तेथे पॅकेट जाऊ शकत नाही. अलगपणाचा पाया एवढाच आहे.

परंतु एक अडचण उरते. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने काही पत्ते कोणीही आपल्या अंतर्गत जाळ्यात वापरावेत म्हणून राखून ठेवले होते. परिणामी बँकेच्या नागपूर शाखेतील संगणकाचा आणि औषध कारखान्याच्या गोदामातील संगणकाचा पत्ता अगदी एकच असू शकतो. दोन्ही मार्ग बीजीपीने वाहून नेले तर दुसरा पहिल्याला पुसून टाकील. नामसादृश्याचा हा प्रश्न भारतीय टपाल खात्याला अपरिचित नव्हता. वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे महाराष्ट्रातच किती आहेत! त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड हा उपाय योजला गेला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि कवी होते. रोझेन आणि रेख्तर यांचा उपायही याच जातीचा आहे. चार बाइटांच्या पत्त्यापूर्वी आठ बाइटांचा एक भेददर्शक क्रमांक जोडायचा, की बारा बाइटांचा हा संयुक्त पत्ता आपोआप एकमेव होतो.

हा क्रमांक केवळ भेद दाखवितो. कोणाचा मार्ग कोणाला कळावा हे तो ठरवीत नाही. या दोन गोष्टींची गल्लत शिकणाऱ्यांकडून हमखास होते. मार्ग कोणी स्वीकारायचा हे ठरविण्यासाठी प्रत्येक मार्गासोबत 'रूट टार्गेट' नावाची एक वेगळी खूण पाठविली जाते. सीमेवरील राउटर त्या खुणेवरून मार्ग कोणत्या ग्राहकाच्या तक्त्यात घालायचा ते ठरवितो. खुणांची मांडणी बदलली की जाळ्याचा आकार बदलतो. सर्व शाखा एकमेकींशी बोलू शकतात, किंवा सर्व शाखा फक्त मुख्य कार्यालयाशीच. कारखान्याच्या जाळ्यातील एखादा ठरावीक भाग पुरवठादारासही खुला करता येतो. यासाठी एकही नवी तार टाकावी लागत नाही.

आता नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या पॅकेटचा प्रवास पाहू. नागपूरचा सीमेवरील राउटर बँकेचा तक्ता उघडतो आणि पॅकेटवर दोन लेबले चढवितो. आतील लेबल मुंबईच्या सीमेवरील राउटरने बीजीपीद्वारे अगोदर कळविलेले असते. त्याचा अर्थ 'हे पॅकेट या बँकेचे' असा असून तो फक्त मुंबईच्या त्या राउटरलाच समजतो. बाहेरील लेबल मुंबईच्या राउटरपर्यंत पोहोचण्यासाठी. वाटेतील अंतर्भागाचे राउटर केवळ बाहेरील लेबल पाहतात आणि बदलतात. थैलीत आणखी एक थैली आहे, एवढेही त्यांना जाणून घ्यावे लागत नाही. मुंबईच्या अलीकडचा राउटर बहुधा बाहेरील लेबल काढून टाकतो, जेणेकरून शेवटच्या राउटरचे काम हलके व्हावे. मुंबईचा राउटर आतील लेबल वाचतो, ते काढतो आणि पॅकेट बँकेच्या तारेवर सोडतो.

या रचनेची खरी ताकद अंतर्भागाच्या या अज्ञानात आहे. कंपनीचे ग्राहक दहा असोत वा दहा हजार, अंतर्भागातील राउटरला त्यांच्यापैकी एकाचाही मार्ग लक्षात ठेवावा लागत नाही. पुझाँ यांच्या परंपरेतील मार्गशोध आणि ट्रान्सपॅकच्या परंपरेतील क्रमांकित मार्ग येथे एकत्र नांदतात. मार्ग ठरतात आयपीच्या पद्धतीने, आणि पॅकेटे चालतात परिपथाच्या पद्धतीने.

फेब्रुवारी २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने या तंत्राला प्रमाणीकरणाच्या वाटेवरील अधिकृत दर्जा दिला. लेखक तेच दोघे. मात्र रेख्तर एव्हाना सिस्को सोडून ज्युनिपरमध्ये गेले होते, त्यामुळे दस्तऐवजावर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची नावे शेजारी-शेजारी दिसतात.

व्यावसायिक संस्थांचा स्वीकार आणि भारतातील अनुभव

व्यावसायिक संस्थांनी हे तंत्र का स्वीकारले याचे उत्तर पूर्वीच्या गणितात आहे. शंभर शाखांसाठी ४,९५० परिपथांऐवजी आता शंभर जोडण्या पुरतात. एकशे एकावी शाखा म्हणजे एक जोडणी. बाकीच्या शंभरांना हात लावावा लागत नाही, नव्या शाखेचा मार्ग त्यांना आपोआप कळतो. लेबलातील तीन बिटांमुळे वाहतुकीचे आठपर्यंत वर्ग पाडता येतात. दूरध्वनी संभाषणाला पहिला मान, बँकेच्या व्यवहाराला दुसरा आणि ई-मेलला शेवटचा, अशी प्रतवारी कंपनीशी करार करून ठरविता येते. सार्वजनिक इंटरनेटवर अशी हमी कोणी देत नाही.

याहून मोठा बदल श्रमविभागणीचा होता. पूर्वी मार्ग ठरविणारे कुशल मनुष्यबळ ग्राहकाच्या पदरी असे. आता ते काम दूरसंचार कंपनीकडे गेले. मध्यम आकाराच्या संस्थांना यामुळे हायसे वाटले यात नवल नाही. पण जे कौशल्य घराबाहेर गेले ते सहजी परत येत नाही आणि ग्राहक एकाच कंपनीशी जखडला जातो, ही बाजू त्या काळच्या विक्रीपत्रकांत आढळण्याची अपेक्षा करता येणार नाही.

भारतात संस्थांतर्गत जाळ्यांचा इतिहास वेगळ्या परिस्थितीत घडला. तारा अपुऱ्या आणि महाग, त्यामुळे उपग्रहावर भर होता. भारतीय रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेने जून १९९९ मध्ये सुरू केलेले 'इन्फिनेट' हे बँकांचे बंदिस्त जाळे आरंभी प्रामुख्याने व्हीसॅटवर आधारित होते. मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाल्यावर बँकांमधील संदेशवहन विश्वासार्ह असणे ही राष्ट्रीय निकड झाली. पुढे इन्फिनेटही एमपीएलएसवर आले. बीएसएनएलच्या राष्ट्रीय इंटरनेट आधारजाळ्याच्या दुसऱ्या टप्प्याची उभारणी याच तंत्रावर झाली आणि सरकारी कंपनीकडून एमपीएलएस व्हीपीएन सेवा जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत मिळू लागली.

येथे एक प्रशासकीय वाद उद्‌भवला, तो या तंत्राच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारा आहे. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या अल्प शुल्काच्या परवान्यावर चालत, तर लांब पल्ल्याच्या दूरसंचाराचा परवाना घेणाऱ्यांना शंभर कोटी रुपये प्रवेशशुल्क भरावे लागे. इंटरनेट कंपन्यांनी व्हीपीएन विकण्यास सुरुवात करताच दुसऱ्या गटाने हरकत घेतली. एमपीएलएस व्हीपीएन ही इंटरनेट सेवा आहे की आडमार्गाने दिलेली लीज्ड लाइन, हा तो प्रश्न. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही उत्तरे देता येतात. दूरसंचार विभागाने २००४ च्या अखेरीस मधला मार्ग काढला. इंटरनेट कंपन्यांनी परवान्याच्या वर्गानुसार वेगळे प्रवेशशुल्क आणि महसुलाचा वाटा देऊन ही सेवा द्यावी, असे ठरले. जानेवारी २००६ पासून लांब पल्ल्याच्या परवान्याचे प्रवेशशुल्कच शंभर कोटींवरून अडीच कोटी रुपयांवर आणले गेले आणि वादाची धार बोथट झाली.

'खासगी' म्हणजे काय?

या संपूर्ण विवेचनात माहिती कूटबद्ध करण्याचा उल्लेख कोठेही आलेला नाही, कारण या तंत्रात ती केलीच जात नाही. पॅकेटवर लेबले चढतात, पण पॅकेटमधील मजकूर जसा होता तसाच उघडा राहतो. तारेवर कान लावणाऱ्यास तो वाचता येतो, आणि दूरसंचार कंपनीच्या कर्मचाऱ्यास तर अधिकच सहज. सामान्य ग्राहकाची समजूत मात्र नेमकी उलट असते. 'खासगी' म्हणजे गुप्त, असे तो धरून चालतो.

आरएफसी ४३६४ च्या लेखकांनी याबाबत कोणताही आडपडदा ठेवलेला नाही. फेब्रुवारी २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४३८१ मध्ये मायकेल बेरिंगर यांनी या तंत्राच्या सुरक्षिततेची चिकित्सा केली. तिचा आशय असा की ही सुरक्षितता फ्रेम रिले किंवा एटीएमच्या तोडीची आहे. तुलनेचा हा मापदंडच बोलका आहे. फ्रेम रिलेमध्येही कूटबद्धता नव्हती. लीज्ड लाइनच्या काळापासून चालत आलेला 'दुसऱ्या ग्राहकापासून अलग' हाच अर्थ पुढे चालू ठेवला गेला आणि 'वाहकापासून अलग' हा अर्थ कोणी मागितलाच नाही. कूटबद्धतेचे साधन उपलब्ध नव्हते असेही नाही. आयपीसेक या नियमावलीची पहिली प्रमाणे १९९५ चीच आहेत. पण तिच्यासाठी प्रत्येक जोडीची किल्ली सांभाळणे आले, म्हणजे पुन्हा तेच ४,९५० चे गणित. संस्थांनी सोय निवडली.

दुसरा धोका अधिक साधा आहे. अलगपणा सर्वस्वी तक्त्यांच्या आणि खुणांच्या मांडणीवर अवलंबून असतो आणि ही मांडणी माणसे करतात. रूट टार्गेटचा एक अंक चुकला तर एका ग्राहकाचे मार्ग दुसऱ्याच्या तक्त्यात जाऊ शकतात. लीज्ड लाइनमध्ये अशी चूक होण्यासाठी कोणाला तरी चुकीच्या खांबावर चढून चुकीची तार जोडावी लागे. येथे कळफलकावरील एक बोट पुरेसे आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिले. अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर यंत्रणा गूगल आणि याहू यांच्या माहितीकेंद्रांमधील खासगी जोडण्यांतून माहिती मिळवीत असल्याचे त्यात म्हटले होते. या जोडण्या एमपीएलएस व्हीपीएन सेवेच्या होत्या असे नव्हे. परंतु 'तार आमची, म्हणून मजकूर सुरक्षित' हे ज्या गृहीतकावर व्यावसायिक जाळी उभी होती, त्यालाच तडा गेला. मे २०१४ मध्ये आयईटीएफने आरएफसी ७२५८ द्वारे व्यापक पाळत हा जाळ्यावरील हल्लाच मानावा अशी भूमिका घेतली. तारेवर विसंबण्याऐवजी मजकूरच कूटबद्ध करावा, या विचाराला त्यानंतर गती आली.

त्याच दशकात बाजाराची दिशाही बदलली. संस्थांचे संगणक मुख्य कार्यालयातून निघून क्लाउड कंपन्यांच्या केंद्रांत गेले. नागपूरच्या शाखेला हवी असलेली माहिती मुंबईच्या कार्यालयात नसेल, तर मुंबईला वळसा घालणारे महाग खासगी जाळे कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. सामान्य ब्रॉडबँड जोडण्यांवर कूटबद्ध बोगदे टाकून त्यांचे नियंत्रण एका केंद्रातून करणाऱ्या एसडी-वॅन या पद्धतीने अनेक शाखा एमपीएलएसवरून हटविल्या. किल्ल्या सांभाळण्याचे जे काम १९९० च्या दशकात माणसांना अशक्यप्राय वाटे, ते आता सॉफ्टवेअर करते. असे असले तरी विलंबाची आणि प्रतवारीची हमी ज्यांना हवीच आहे, अशा अनेक संस्थांनी दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.

दूरसंचार कंपन्यांच्या अंतर्भागात मात्र लेबल हटलेले नाही. लेबल-वाटपाच्या जुन्या नियमावलीची जागा घेऊ पाहणाऱ्या सेगमेंट रूटिंगचा आराखडा २०१८ मध्ये आरएफसी ८४०२ म्हणून आला, आणि डिसेंबर २०१९ च्या आरएफसी ८६६० ने तो एमपीएलएसच्या लेबलांवरच बसविला. २००९ मध्ये तीन बिटांचे नाव 'प्रायोगिक' ऐवजी 'वाहतूक-वर्ग' असे करण्यात आले. त्यापलीकडे लेबलाची मांडणी २००१ मध्ये ठरली तशीच आहे. शाखेतून कूटबद्ध होऊन ब्रॉडबँडने निघालेले पॅकेटही वाहकाच्या जाळ्यात शिरले की अनेकदा त्याच्यावर तेच ३२ बिटांचे लेबल चढते.